दिवा पोहोचत नाही तिथे अतिनील किरण कसे न्यायचे?



'पूर्ण आंतरिक परावर्तन' शिकवताना आपण ऑप्टिकल फायबरचं उदाहरण देतो आणि इंटरनेटपाशी थांबतो. याच तंतूतून जिवाणू मारणारा प्रकाशही नेता येतो, हे वर्गात जरूर सांगा.

सुरुवात घरापासून करा. राईतल्या एखाद्या घरी यूव्ही फिल्टर असेल, तर त्यातल्या दिव्याचे किरण बहुधा 254 नॅनोमीटरचे असतात. ते जिवाणूच्या डीएनएमधले शेजारचे थायमिन एकमेकांना चिकटवून टाकतात. मग जिवाणूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. तो लगेच मरतो असं नाही, पण वाढू शकत नाही, आणि वाढला नाही तर आजारही होत नाही.

मुंबईत जन्मलेल्या अशोक गाडगीळ यांनी हाच दिवा गरीब वस्त्यांसाठी वापरला. 1992-93 मध्ये भारतात कॉलऱ्याचा नवा प्रकार पसरला. त्यानंतर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांनी 'यूव्ही वॉटरवर्क्स' हे यंत्र तयार केलं. सुमारे 60 वॉट विजेवर मिनिटाला 15 लिटर पाणी! दिवा पाण्यात न बुडवता वर टांगलेला, म्हणजे त्यावर क्षार साचायला नकोत. मला तर ही टांगण्याची युक्तीच सगळ्यात आवडते.

अडचण एकच. किरण पडतात तेवढ्याच जागी काम होतं. दिव्याच्या पुढच्या नळीत, तोटीत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, आणि एवढ्याशा नळीत दिवा जाणार कसा? ॲरिझोना स्टेट विद्यापीठात पॉल वेस्टरहॉफ यांच्या गटाने यासाठी वेगळे तंतू केले. नेहमीच्या फायबरमध्ये प्रकाश बाहेर सांडू द्यायचा नसतो, इथे तो मुद्दाम बाजूने झिरपू देतात. एका टोकाला यूव्ही एलईडी लावला की नळीची आतली भिंत उजळते. साधी काच हे किरण गिळते, म्हणून तंतू शुद्ध सिलिकाचा लागतो. तरीही अंतर वाढेल तसा प्रकाश कमी होतोच.

वर्गात करून बघा: प्लास्टिकच्या बाटलीला मागे टॉर्चपुरती जागा मोकळी ठेवून काळा कागद गुंडाळा, खाली भोक पाडा, पाणी भरा आणि भोकाच्या बरोबर मागून टॉर्च धरा. अंधारात वाकलेल्या धारेबरोबर प्रकाशही वाकतो, खाली धरलेल्या तळहातावर ठिपका दिसतो. टॉर्च मात्र साधाच घ्या. यूव्ही दिव्याने डोळे आणि त्वचा भाजते.

आणि पालकांनो, क्लोरीन पाण्यात थोडा उरतो, अतिनील किरण मागे काहीच ठेवत नाहीत. फिल्टरचं पाणी माठात ओतत असाल तर माठ घासलेला हवा, आणि पाणी हात बुडवून नको, ओगराळ्याने काढा.