बिनबैलाची गाडी

उसाने भरलेली बैलगाडी उताराला लागली की काय होते, हे आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. चढावर बैल गाडीला ओढतात. उतारावर गाडीच बैलांना ढकलते. गाडीवान कासरा ताणून धरतो, तरी गाडी पुढे पळू पाहते. ही ओढ कोणाची? ही ओढ पृथ्वीची. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गोष्ट ओळखीची आहे.

या ओढीवर चालणारी लहान गाडी शाळेतली मुले तयार करतात. तिला बैल नाही, इंजिन नाही, सेल नाही. फळीच्या उतारावरून ती सोडायची. तिने भरधाव जायचे आणि नेमून दिलेल्या रेघेवर आपोआप थांबायचे. अमेरिकेत 'सायन्स ऑलिंपियाड' नावाच्या शालेय स्पर्धेत अशा गाड्यांची चढाओढ झालेली आहे. आपल्याकडे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात अशी गाडी मांडता येते.

मागे एकदा एक आजोबा नातीला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पोरीचे मायबाप ऊसतोडीला गेलेत. हिला तालुक्याच्या प्रदर्शनात गाडी मांडायचीय. मला त्यातलं काय कळतंय? बाजारातून तयारच आणावी म्हणतो."

आम्ही म्हणालो, "आबा, तुम्ही जन्मभर गाडी हाकली. तुम्हाला नाही कळायचं तर कोणाला? विकत आणू नका. पोरीला करू द्या. तुम्ही जवळ बसा, आणि वहीत लिहा."

आबा रात्रीच्या वर्गात नुकतेच लिहायला शिकले होते. ते हसले. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले.

गाडी अशी केली. एक हलकी फळी घेतली. जुन्या चार सीडी चाकांसाठी घेतल्या. सीडी 12 सेंटिमीटर रुंद असते. ती गुळगुळीत असल्याने फरशीवर घसरते, म्हणून तिच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली. बैलगाडीच्या चाकाला धाव असते ना, तशीच ही धाव. मग दोन आस बसवले. आस म्हणजे चाकांमधला लोखंडी दांडा. मागचा आस आटे पाडलेला, 6 मिलिमीटर जाडीचा होता. त्याची चाके त्याला घट्ट बसवली. चाक फिरले की आसही फिरायचा.

आता थांबण्याची युक्ती. आट्याच्या आसावर दोन कान असलेला एक नट चढवला. त्याचा कान फळीला टेकतो, म्हणून तो आसाबरोबर फिरत नाही, बाजूला सरकतो. चाकाचा एक फेरा झाला की नट 1 मिलिमीटर सरकतो. सरकत सरकत तो दुसऱ्या पक्क्या बसवलेल्या नटाला भिडतो. तिथे आस आवळला जातो आणि गाडी थांबते.

मग दोन नटांमध्ये अंतर किती ठेवायचे? पोरीने चाकावर खडूची खूण केली आणि गाडी हाताने दहा फेरे चालवली. अंतर भरले 3 मीटर 90 सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला 39 सेंटिमीटर. उतार धरून एकूण वाट होती 7 मीटर 80 सेंटिमीटर. म्हणजे 20 फेरे. म्हणून नटांमध्ये अंतर ठेवले 20 मिलिमीटर. हिशेब आबांनीच वहीत मांडला.

गाडी सोडली, तर ती डावीकडे वळली आणि भिंतीला धडकली. आबांनी वाकून पाहिले. म्हणाले, "आस तिरका हाय." त्यांनी सुतळीने मोजले. दोन्ही आसांमधले अंतर उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी होते. ते सारखे केले. मग समोरासमोरचे कोपरेही सुतळीने मोजून सारखे केले. गाडी सरळ धावू लागली.

पण वेग कमी वाटला. इथे चूक आमची झाली. आम्ही म्हणालो, "बैलगाडीला वंगण घालता, तसं हिलाही घाला." आसाला घट्ट वंगण चोपडले. गाडी आणखीच मंद झाली! बैलगाडी जड असते, तिला घट्ट वंगण चालते. ही गाडी हलकी. चिकट वंगणातून आस फिरवण्यातच तिची ताकद खर्च झाली. आम्ही ते पुसायला लावले आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. गाडी चांगली पळाली. आबा म्हणाले, "हे पण लिहितो, गुरुजी." आम्ही म्हणालो, "लिहा."

यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. गाडीला जी काही ताकद मिळते, ती उंचीवरून मिळते. त्यात भर घालायला दुसरे कोणी नाही. घासण्यात, डगमगण्यात, तिरके जाण्यात ती वाया जाते. गळक्या मोटेचे पाणी पाटात कमी येते, तसेच हे. गळती शोधायची आणि बुजवायची. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

इटली देशात गॅलिलिओ नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. तोही असेच करत असे. त्याने उतारावरच्या खाचेतून काशाचे गोळे सोडले. त्याच्यापाशी आजच्यासारखे घड्याळ नव्हते. भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून तो वेळ मोजत असे. त्याला असे दिसले, की गोळा पहिल्या पळात एक हात गेला, तर दुसऱ्या पळात तीन हात आणि तिसऱ्यात पाच हात जातो. म्हणजे उतारावर वेग वाढतच जातो. हे त्याने 1638 साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले.

पुढे पोरीची गाडी रेघेच्या 20 सेंटिमीटर पुढे जाऊन थांबू लागली. आस आवळला तरी चाके थोडी घसरत होती. तिने स्वतःच हिशेब केला आणि नटांमधले अंतर अर्धा मिलिमीटर कमी केले. म्हणजे अर्धा फेरा कमी. गाडी रेघेजवळ थांबली. त्या दिवशी तिने आईला फोनवर सांगितले, "आई, आबांनी हिशेब लिहिला अन् मी गाडी थांबवली."

तालुक्याला तिचा पहिला नंबर आला नाही. परीक्षकांनी विचारले, "हे कोणी केले?" तिने वही पुढे केली. वेडीवाकडी अक्षरे आजोबांची होती, पण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी होते. विकतच्या गाडीबरोबर अशी वही मिळत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. मांजरसुंब्याच्या घाटातून उसाचा ट्रॅक्टर उतरवताना काही जण डिझेल वाचवायला गिअर काढून टाकतात. असे कधी करू नका. उतारावर वेग वाढतच जातो. एकट्या ब्रेकवर भार पडला की ब्रेक तापतो आणि धरत नाही. गिअर खालचा असला की इंजिनही गाडीला धरून ठेवते. बोरघाटातल्या रेल्वेला तर अनावर गाडी वळवण्यासाठी चढाचे फाटे ठेवलेले आहेत. चढावर गाडीचा वेग आपोआप मरतो. आपल्या घाटात असा फाटा आपल्याला मिळेलच असे नाही. म्हणून वेग वाढण्याआधीच तो आवरावा.

प्रश्न

1. गाडी डावीकडे का वळली?
2. घट्ट वंगणाने गाडी मंद का झाली?
3. एका फेऱ्याला 39 सेंटिमीटर, तर 10 फेऱ्यांना किती? वहीत लिहा.
4. घाट उतरताना गिअर का काढू नये? घरातल्या माणसांना समजावून सांगा.