सुगंधी मेणबत्त्या व निवडीचा हिशेब

मेणबत्ती ओतणें सोपें. तिचा धंदा चालविणें हें हिशेबाचें काम आहे. समजा, एका लहान कारखानदारानें उन्हाळ्याकरितां वाळा, दिवाळीकरितां चंदन, नाताळाकरितां दालचिनी असे एकाच वेळीं १२ सुगंध ठेविले. तीन आकारांच्या भांड्यांत ते भरल्यास ३६ प्रकार होतात. मेण ३६० मेणबत्त्यांपुरतें असेल, तर प्रत्येक प्रकाराच्या वांट्यास १० च येतात.

शिवाय सुगंधी तेल बदललें कीं ज्योतही निराळी जळते. म्हणून प्रत्येक सुगंधासाठीं व भांड्यासाठीं योग्य जाडीची वात जाळून पाहावी लागते. व्हॅनिलिनयुक्त सुगंधानें पांढरें मेण कालांतरानें पिंगट होतें. सण सरल्यावर उरलेल्या मालांत अडकतें तें भांडवल पुष्कळदां घरखर्चाचेंच असतें.

उपाय एकच : निवड. पूर्ण किंमतीस कोणता सुगंध खपला व सूट देऊनच कोणता गेला, हें गेल्या दोन वर्षांच्या वहींत पाहावें. बारमाही तीन व चालू ऋतूचे दोन एवढेच सुगंध ठेवावे. मग प्रकार १५ होतात, आणि तितक्याच मेणांत प्रत्येकाच्या २४ मेणबत्त्या होतात. आपला आवडता सुगंध वगळतांना मन कचरतें खरें. परंतु गिऱ्हाइकाची आवड वहीच सांगते.