खिडकीतील फूल आणि मागून येणारा प्रकाश

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुन्या घरांत उजेड दोन वाटांनी येतो : 'मुट्रम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधल्या उघड्या चौकातून आणि गज लावलेल्या खिडक्यांतून. तंजावरजवळच्या एखाद्या गावात अशा खिडकीशी सकाळी जास्वंद ठेवली, तर पाकळीची शीर न् शीर उजळते. छायाचित्रात मात्र बहुधा पांढरीफटक खिडकी आणि तिच्यापुढे काळसर ठिपका उमटतो. जास्वंद सायंकाळपर्यंत कोमेजते; चुकलेले चित्र त्याच फुलाचे पुन्हा घेता येत नाही. म्हणून चुकीचे कारण आधीच जाणून घेणे हिताचे ठरते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. खिडकी प्रखर असल्यामुळे तो आत येणारा प्रकाश घटवतो आणि फूल काळवंडते. अशा वेळी मोजमाप केवळ पाकळीवरून घ्यावे, अथवा उद्भासन एक ते दोन टप्पे वाढवावे. मोबाइलवर फुलाच्या प्रतिमेवर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवावी. पांढऱ्या फुलाला पाकळीवरून मोजमाप घेतल्यानंतरही सुमारे एक टप्पा अधिक द्यावा, अन्यथा ते करडे दिसते.

दुसरी बाब पार्श्वभूमीची. उजळलेली पाकळी गडद पृष्ठभागापुढेच खुलते. याकरिता खिडकीचे एक दार लोटून घ्यावे आणि फूल त्या दाराच्या कडेपुढे ठेवावे. उघड्या बाजूचा प्रकाश तिरकस मागून येतो आणि फुलामागे गडद लाकूड राहते. देठाची बाजू फारच अंधारली, तर कॅमेऱ्याच्या बाजूने पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेली वेष्टी धरावी. फ्लॅश वापरू नये. समोरचा झोत पाकळीची पारदर्शकता मारून टाकतो.

'उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही' हा पुस्तकी नियम येथे जपून वापरावा. तंजावर सुमारे १०.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पांढरा पडदा लावणे श्रेयस्कर. महाराष्ट्रात ढगाळ, मृदू प्रकाश जून ते सप्टेंबरमध्ये लाभतो. येथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणून तोच प्रकाश ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मिळतो.

फुलांचेही वेळापत्रक असते. कमळ सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटू लागते. मोगऱ्याच्या कळ्या सायंकाळनंतर फुलतात, तेव्हा खिडकीत उजेड उरत नाही; म्हणून त्या दुपारी, कळ्या असतानाच टिपाव्यात.

या कलेचा आरंभही खिडकीपाशीच झाला, असे म्हणता येईल. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये आपल्या घरातील जाळीदार खिडकीचे चित्र आतून घेतले; ते उपलब्ध निगेटिव्हांपैकी सर्वांत जुने मानले जाते. १८५८ मध्ये लिनीअस ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे घेतली. तत्पूर्वी दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी निसर्गातील जीवांची चित्रे चित्रकारांकडून काढून घेतली होती.

नवशिक्याने एकच फूल, एकच जागा आणि स्थिर कॅमेरा ठेवून तीन चित्रे घ्यावीत : पहिले जसेच्या तसे, दुसरे एक टप्पा आणि तिसरे दोन टप्पे अधिक उद्भासनाचे. ज्यात पाकळीच्या शिरा स्पष्ट दिसतात व कडा पांढऱ्या पडत नाहीत, ते योग्य समजावे. खिडकी थोडी फिकट झाली तरी चालेल. चित्र फुलाचे आहे.