रक्त काढणं हाच उपचार?

प्रश्न : वडिलांना पॉलिसायथेमिया व्हेरा आहे. डॉक्टर दर काही आठवड्यांनी बाटलीभर रक्त काढतात. अंगातलं रक्त काढून माणूस बरा कसा होईल?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण या उपचाराचा इतिहासच बदनाम आहे. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षण आहे, जळवांवर तर स्वतंत्र अध्याय. बारा प्रकार, त्यांतले सहा विषारी. युरोपात मात्र तापापासून वेडापर्यंत सगळ्यालाच शीर कापायचे. अमेरिकेतही तेच: १७९९ च्या डिसेंबरात घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचं काही तासांत दोन लिटरहून जास्त रक्त काढलं; त्याच रात्री ते गेले. पुढे पॅरिसच्या पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची चक्क मोजदाद केली आणि १८३५ मध्ये दाखवलं की रक्त काढण्याचा फायदा नगण्य आहे. डॉक्टरांनी मोजायला शिकावं, हे मला त्या रक्तापेक्षा मोलाचं वाटतं.

तुमच्या वडिलांचं प्रकरण वेगळं. त्यांची अस्थिमज्जा तांबड्या पेशी बेसुमार तयार करते, रक्त दाट होतं, गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा धोका वाढतो. एका वेळी साधारण ३५० ते ४५० मिलिलिटर काढून हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४५ टक्क्यांखाली ठेवतात. त्या दिवशी भरपूर पाणी पाजा, उपाशीपोटी नेऊ नका. वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होतंच. पण म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका, पेशी पुन्हा वाढतील.