नोंदीचे बेणे : संगणकातील राखीव प्रत कशी ठेवावी व कशी तपासावी
(शेतकी विभागातर्फे)



उसाची लागण झाली की आपण गट कार्यालयात येऊन नोंद देता. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख एवढ्या चार गोष्टी त्यात मुख्य. हंगामात तोड कोणाला आधी व कोणाला मागाहून, हे त्या तारखेवरून ठरते. पुढे काट्यावरचे वजन त्याच नावावर चढते व बिल निघते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. नोंदच हरवली तर हिशोब कोठून मांडायचा, आणि तोडीचा क्रम कोणी कोणाला पटवून द्यायचा?

पूर्वी या नोंदी जाड रजिस्टरात असत, आता संगणकात आहेत. रजिस्टराला लागलेली वाळवी निदान दिसते तरी. संगणकाची डिस्क मात्र पुष्कळदा काही न सांगता बसते. म्हणून नोंदीची राखीव प्रत, ज्याला बॅकअप म्हणतात, ती अगोदरच हवी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

बेणे मळ्याचा धडा

आपण बेण्यासाठी वेगळा मळा राखतो. तो गवताळ वाढीच्या रोगट फडाला लागून ठेवत नाही. आणि कांडी सरीत टाकण्यापूर्वी डोळा पाहतो. राखीव प्रतीचे नियमही हेच आहेत. संगणकवाले त्याला ३-२-१ म्हणतात : माहितीच्या एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ गावाबाहेर.

हा नियम मोडला की काय होते, याची दोन उदाहरणे पाहा. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फाईली ठेवण्याची जी-ड्राइव्ह नावाची सोय त्यात जळाली. ८५८ टेराबाइट माहिती होती, पण तिची बाहेर प्रत नव्हती. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपरचे काम हाताने करावे लागले. हा विषाणू फाईलींना कुलूप घालतो. प्रतीची डिस्क कायम संगणकाला जोडलेली असेल, तर तिलाही घालतो.

भिवंडीची प्रत

आपल्या साखरेचे भाड्याचे गोदाम भिवंडी तालुक्यात आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची जागा म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली या भागात गोदामे वाढली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे राहिली. तेथील कार्यालयातल्या संगणकावर आम्ही आपल्या नोंदींची गावाबाहेरची प्रत ठेवतो. भिवंडी सुरक्षित आहे म्हणून नव्हे. २६ जुलै २००५ च्या पावसात भिवंडीतही पाणी शिरले होते, आणि गोदामांना आगी लागतात हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. परंतु इकडे आणि तिकडे एकाच दिवशी संकट येण्याचा संभव फार थोडा. तेथील संगणक वरच्या मजल्यावर ठेवला आहे.

मांडणी कशी करावी

या कामासाठी डुप्लिकाटी नावाचे मोफत साधन आहे. ते विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते आणि त्याचा सारा कारभार ब्राउझरच्या पानावरून होतो. विकास सोसायटी, दूध संस्था, वाहतुकीचा धंदा किंवा भिवंडीत यंत्रमाग चालविणाऱ्या आपल्या मुलाबाळांनाही ते उपयोगी पडेल.

१) साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. बसविल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८२०० या पत्त्यावर त्याचे पान उघडते. पानाला पासवर्ड ठेवावा. हा ८२०० क्रमांकाचा दरवाजा राउटरमधून बाहेरच्या जगाला कधीही उघडू नये.

२) 'अॅड बॅकअप' दाबून कामाला नाव द्यावे. येथेच कुलपाचा परवलीचा शब्द विचारतात. तो हरवला तर साधन बनविणारेसुद्धा प्रत उघडून देऊ शकत नाहीत. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावा.

३) 'डेस्टिनेशन' म्हणजे प्रत कोठे जायची ते ठिकाण. दोन वेगळी कामे करावीत : एक जवळच्या बाहेरील डिस्कवर, दुसरे परगावी. परगावासाठी आम्ही एसएफटीपी वापरतो. ही जोडणी व्हीपीएनमधून, जाणकाराकडून करून घ्यावी. मग 'टेस्ट कनेक्शन' दाबून पाहावे.

४) 'सोर्स डेटा' मध्ये कोणते फोल्डर उचलायचे ते ठरवावे. नोंदीचा किंवा हिशोबाचा प्रोग्राम चालू असताना त्याची फाईल तशीच उचलली तर ती अर्धवट येऊ शकते. त्या प्रोग्रामचीच निर्यात आधी काढावी आणि ती फाईल उचलावी.

५) 'शेड्यूल' मध्ये काम बंद झाल्यानंतरची वेळ घालावी. संगणक त्या वेळी चालू राहील हे पाहावे. पहिली प्रत वेळ घेते. पुढे फक्त बदललेला भाग जातो, म्हणून काम लवकर उरकते.

६) जुन्या प्रती किती ठेवायच्या, यासाठी 'स्मार्ट बॅकअप रिटेन्शन' निवडावे. त्यात गेल्या आठवड्यातील रोजची एक, चार आठवड्यांतील आठवड्याची एक आणि बारा महिन्यांतील महिन्याची एक प्रत राहते. आजची फाईल बिघडलेली निघाली तरी मागच्या महिन्याची हाती असते.

७) शेवटी 'एक्स्पोर्ट' करून ही सारी मांडणी फाईलीत उतरवावी व दुसरीकडे ठेवावी. जवळची डिस्क आठवड्यातून एकदा काढून कपाटात ठेवावी आणि तिच्या जागी दुसरी लावावी.

उगवण पाहिल्याशिवाय बेणे म्हणू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. पानावर हिरवी खूण दिसली म्हणजे प्रत चांगली, असे समजू नये. डोळे मेलेली कांडीसुद्धा वरून चांगली दिसते. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर हे साधन बसवावे, 'रिस्टोर' मधून प्रतीचे ठिकाण व परवलीचा शब्द द्यावा आणि एक फोल्डर परत काढावे. फाईल उघडते का, आकडे जुळतात का, तारीख ताजी आहे का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहावे. परत काढून पाहिलेली नाही, ती प्रत आम्ही प्रत धरत नाही.

आमच्या विभागात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ही परीक्षा होते. भिवंडीची प्रत इकडच्या रिकाम्या संगणकावर काढून, वेगवेगळ्या गटांतील दहा नोंदी मूळ नोंदीशी ताडून पाहतो. कोणाही सभासदाने त्या दिवशी यावे आणि 'माझी नोंद काढून दाखवा' म्हणावे. तो आपला हक्क आहे, आणि दहापैकी एक नोंद आपण निवडली तर परीक्षा अधिक खरी होईल.

येताना एक गोष्ट आवर्जून आणावी : नोंद देताना मिळालेली पावती. कागदाची ती चिठ्ठी म्हणजे आपल्या घरातली राखीव प्रत. तिच्यावरचा गट नंबर व लागणीची तारीख आमच्या संगणकाशी जुळते का, ते समोर बसून पाहावे. पावती घेतली नसेल, तर तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी गट कार्यालयातून ती अवश्य घ्यावी.