ट्रॅक्टरच्या मागील आसातील तेलगळती : निदान व दुरुस्ती

उसाने भरलेली ट्रॉली उतारावरून जात असता चालक दोन्ही ब्रेक एकदम दाबतो. एका चाकाचा ब्रेक धरतो, दुसऱ्याचा घसरतो आणि ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो. अशा प्रसंगाचे मूळ कधी कधी मागील चाकाच्या आतल्या बाजूस कित्येक दिवस दिसत असलेल्या तेलाच्या ओघळात असते. 'थोडे तेल गळते, वरून भरले म्हणजे झाले', असे म्हणून तो ओघळ दुर्लक्षिला जातो. मागील आसातील गळती हा केवळ तेलाच्या खर्चाचा प्रश्न नसून तो चालकाच्या जीविताचाही प्रश्न आहे.

गळती का होते ?

ट्रॅक्टरच्या मागील भागात गिअर व डिफरन्शियल तेलात फिरत असतात. तेथून दोन्ही बाजूंस निघणारे आस आपापल्या हाउसिंगमधून चाकांपर्यंत जातात. आस फिरता राहावा, पण तेल बाहेर येऊ नये, यासाठी त्यावर रबरी ओठाचे ऑइल सील बसविलेले असते. तेल बाहेर दिसले की बहुधा सीलला दोष देऊन ते बदलले जाते. परंतु पुष्कळदा सील हे दुसऱ्याच दोषाला बळी पडलेले असते. मूळ दोष तसाच राहिल्यास नवे सीलही लवकरच गळू लागते. म्हणून आधी कारण शोधावे व मगच पाना हाती घ्यावा.

निदानाचा क्रम

१. *गळतीची जागा.* माखलेल्या भागावरून जागा कळत नाही. तो भाग डिझेलने धुऊन कोरडा पुसावा व त्यावर खडूची पूड भुरभुरावी. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून पाहिल्यास पूड प्रथम जेथे ओली होते, तेथे गळती आहे असे समजावे. तेल वरून खाली व मागे पसरते. म्हणून सर्वांत वरचा ओला ठिपका शोधावा. चाकाच्या आतील बाजूस ओघळ असल्यास सील, दोन हाउसिंगच्या सांध्यावर असल्यास पॅकिंग किंवा सैल बोल्ट, आणि तळाशी असल्यास निचऱ्याचा बूच तपासावा.

२. *तेलाची पातळी.* ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करून, अवजार खाली टेकवून व इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहावी. ती वरच्या खुणेपेक्षा अधिक असेल तर जादा तेल सीलवाटे वाट काढते. अशा वेळी तेल खुणेपर्यंत कमी करणे एवढाच उपाय पुरतो.

३. *ब्रीदर.* काम करताना तेल व आतील हवा तापून हवा प्रसरण पावते. ती बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाचे छोटे छिद्रयुक्त टोपण असते. ते धूळ व चिखलाने बुजले म्हणजे आत दाब वाढतो व तेल सीलच्या ओठाखालून ढकलले जाते. ट्रॅक्टर तापलेला असता तेल भरण्याचे झाकण सावकाश सैल करावे. हवा सुस्कारा टाकून बाहेर आली तर ब्रीदर बुजला आहे असे समजावे. तो काढून डिझेलने धुवावा व हवेने फुंकून पुन्हा बसवावा. या उपायास पैसा लागत नाही. म्हणून तो प्रथम करावा.

४. *बेअरिंग.* चाक उचलून ते वर-खाली हलवून पाहावे. खटखट जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे. असा आस डोलत फिरतो व कोणतेही सील त्यास फार काळ आवरू शकत नाही.

५. *तेलाचा रंग.* तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. भाताच्या चिखलणीत आसाला गुंडाळलेला पेंढा किंवा तार सील कापते आणि त्याच वाटेने पाणी आत जाते. अशा वेळी सर्व तेल बदलणे आवश्यक असते.

दुरुस्ती

चाक काढण्यापूर्वी बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जॅक टणक जमिनीवर टेकवावा व हाउसिंगखाली भक्कम घोडी द्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली हात घालू नये. टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास चाक अतिशय जड होते, हे ध्यानात ठेवावे. आस उतरविणे व बेअरिंगचा खेळ जुळविणे ही कामे जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावीत. तथापि, पुढील गोष्टींवर मालकाने स्वतः लक्ष ठेवावे.

सील बसते त्या जागी आसावरून नख फिरवावे. नख अडकले तर तेथे चर पडली आहे. तेथे बाही बसवावी अथवा आस बदलावा. नुसते नवे सील टिकणार नाही. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूस यावा. ओठास तेल लावून सील सारख्या व्यासाच्या नळीने सर्व बाजूंनी समान दाबून बसवावे. एका कडेवर हातोडी मारू नये. सांध्याचे पॅकिंग मूळ जाडीचेच वापरावे.

कोरड्या ब्रेकचे लायनर तेलाने भिजले असल्यास ते धुऊन पुन्हा लावू नयेत. आत मुरलेले तेल ब्रेक तापताच वर येते. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे धरतील. तेलात चालणारे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला हा नियम लागू नाही. तेथे पातळी घटू न देणे महत्त्वाचे असते.

दुरुस्तीनंतर

माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल खुणेपर्यंत भरावे. मोकळ्या शेतात मंद गतीने ब्रेकची परीक्षा घ्यावी. एक तास काम झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळावेत व खडूची पूड टाकून सांधे तपासावेत. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकची पायटे एकत्र जोडलेलीच असावीत. काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चिखलणीपूर्वी व ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलावून ब्रीदर साफ करण्याचे व खडूच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक दाखवावे. एक जुने फडके, वाटीभर डिझेल व खडूचा तुकडा एवढीच सामग्री त्यास पुरते. चाकावरील ओघळ वेळीच ओळखणारा शेतकरी आपला खर्च वाचवितो, आणि उतारावरील आपला व इतरांचा जीवही राखतो.