मांडीवरच्या संगणकाला ताप का येतो?

लॅपटॉपवर नुसता निबंध टंकत बसले तर तो जेमतेम कोमट होतो. त्याच लॅपटॉपला चित्रफीत जोडण्याचे किंवा त्रिमितीय चित्रे काढण्याचे काम लावा. थोड्याच वेळात पंखा घोंघावू लागतो, मांडीला चटका बसतो आणि मग काम मंदावते. "यंत्र बिघडले" म्हणून पुष्कळ जण ते दुरुस्तीला नेतात. बहुधा ते बिघडलेले नसते.

पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवतो. संगणक वीज घेतो, तिचे काय होते? 'गणिते सोडवण्यात खर्च होते', हे उत्तर वर्गात हमखास येते. पण सोडवलेल्या गणितात ऊर्जा साठून राहत नाही! प्रोसेसरने ४५ वॅट वीज घेतली, तर जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते.

४५ वॅट म्हणजे एका जुन्या, लहानशा पिवळ्या दिव्याइतके. अडचण आहे ती क्षेत्रफळाची. १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट पडतात. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटीमीटर धरा. तेथे ३० वॅट पडतात. इस्त्रीच्या सहापट!

ही उष्णता तेथून हलवायची कशी? बऱ्याच लॅपटॉपमध्ये तांब्याची एक चपटी, बंद नळी असते. तिच्यात हवा काढून थोडेसे पाणी भरलेले असते. दाब कमी, म्हणून हे पाणी १०० अंशांच्या पुष्कळ खालीच उकळते. वाफ पंख्याजवळच्या टोकाला जाऊन थिजते आणि पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरातून, वातीतून तेल चढावे तसे, परत येते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० जूल उष्णता शोषली जाते. म्हणजे ४५ वॅट वाहून नेण्यास सेकंदाला ०·०२ ग्रॅम पाणी पुरते. आकडेमोड स्वतः करून पाहा.

पुढचे काम हवेचे. न्यूटनच्या नियमाप्रमाणे उष्णता जाण्याचा वेग तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. आतील भाग ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७०. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर फक्त ५३. तोच पंखा आता तीनचतुर्थांश उष्णताच बाहेर टाकू शकतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की तळाची छिद्रे बंद!

तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर आपणहून ठोक्यांचा वेग आणि विद्युतदाब कमी करतो. उष्णता वेगाच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०·८ × ०·८ × ०·८ = ०·५१२. वेग एक पंचमांशाने घटला, पण उष्णता जवळजवळ निम्मी झाली. मंदावलेले काम म्हणजे हा सौदा होय.

तेव्हा असे झाले, तर लॅपटॉप कठीण, सपाट टेबलावर ठेवा, मागची कड वहीने उचला आणि जाळीतील धूळ यंत्र बंद करून काढा. शीतकपाटात मात्र ठेवू नका. थंड यंत्र बाहेर काढताच, बर्फाच्या पेल्यावर जमतात तसे पाण्याचे थेंब त्याच्या आतही जमतात.